टिपणिसांचा नवा सायलेन्सर

जगन्नाथ टिपणिसाची मोटरसायकल तळ्यावरच्या पुलाला लागली, की इकडे अमेरिकेतल्या श्रूजबरी गावात संध्या डोळे मिटून घ्यायची. घर अजून बरंच लांब असायचं. पण सायलेन्सर खालून इतका सडलेला होता, की गाडी येते आहे हे कळायला कानांची गरज नव्हती, पाय जमिनीवर टेकलेले असले तरी पुरे होतं. संध्या गावच्या लायब्ररीत कामाला होती. दिवसभर शांतता राखायचा पगार घ्यायचा आणि संध्याकाळी स्वतःच्याच दारात हे ऐकायचं, याची आपल्याला लाज वाटते, असं ती म्हणे.

गाडी सदुसष्ट सालची, जपानी, एका सिलिंडरची. साल चाललं होतं चौऱ्याऐंशी. गल्लीतल्या एका म्हाताऱ्याच्या शेडमध्ये ती धूळ खात पडली होती आणि त्याने ती एकदाची घेऊन जा म्हणून जगन्नाथच्या गळ्यात मारली. ती ढकलत घरी आणताना जगन्नाथचा चेहरा असा होता, की जणू मुलगा झाल्याचे पेढे वाटत निघालाय. वास्तविक तो पंपांच्या कंपनीत सीनियर इंजिनियर, डोक्यावर टक्कल, घरात चौदा वर्षांची मुलगी. पण या गाडीमागे एक जुनी गोष्ट होती.

अठरा वर्षांपूर्वी पुण्यात संध्याला दाखवायचा कार्यक्रम झाला, तेव्हा मोठी माणसं मुद्दाम उठून आत गेली आणि या दोघांना बोलायला म्हणून मोकळं सोडलं. नागपूरहून आलेल्या जगन्नाथला काही म्हणता काही सुचेना. घाम पुसत त्याने विचारलं, "तुम्हाला मोटरसायकलवर मागे बसायला आवडेल का?" संध्या खाली बघत "हो" म्हणाली. त्या 'हो'वरच आपलं लग्न ठरलं अशी त्याची आजतागायत समजूत होती. पुढे मोटरसायकल घ्यायच्या आधीच अमेरिका आली, बर्फ आला, उत्तरा झाली, लांबलचक स्टेशन वॅगन आली. मोटरसायकल राहूनच गेली. आता ती दारात होती, आणि संध्याला मागे बसवून तळ्याकाठच्या रस्त्याने एकदा जावं एवढंच जगन्नाथला हवं होतं. एवढंच, पण ते फार हवं होतं.

"त्या तोफेवर मी बसणार नाही," संध्याने पहिल्याच दिवशी सांगितलं. "ज्या दिवशी ती दाराशी येऊन उभी राहील आणि मला घरात पत्ता लागणार नाही, त्या दिवशी बसेन. शब्द आहे माझा."

दुसऱ्या कुणी हा नकार मानला असता. जगन्नाथ इंजिनियर असल्यामुळे त्याने हे स्पेसिफिकेशन मानलं.

कामाला मुहूर्त लागला तो तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या आठवड्यात. मंडळाचे गणपती चतुर्थीला येत नसत, शाळेचा हॉल मिळेल त्या शनिवारी येत. या वर्षीचा शनिवार ठरला आणि जगन्नाथने मनाशी पक्कं केलं की हॉलपर्यंत संध्या मोटरसायकलवरूनच येणार. त्याने मदतीला नरेंद्रला बोलावलं. नरेंद्र हा पलीकडच्या गावातला त्याचा मुंबईकर मित्र. तो कॉम्प्युटरवर काम करायचा, आणि हाताने काही करायची वेळ आली की बाजूला उभा राहून सल्ला द्यायचा.

जुना सायलेन्सर निघता निघेना. इंजिनापाशी त्याला धरून ठेवणारे दोन नट गंजून असे एकजीव झाले होते, की नट कुठे संपतो आणि इंजिन कुठे सुरू होतं ते हाताला कळत नव्हतं. जगन्नाथने पान्याला लांब पाइप लावला आणि सगळा भार टाकला. नट तिथेच राहिला, मोटरसायकल मात्र स्टँडवरून उतरून गराजच्या दारापर्यंत गेली.

"अरे यार, तू नट नाही फिरवत, आख्खी बाइक फिरवतोयस," नरेंद्र म्हणाला.

"मग धर ना तिला!"

"मी टॉर्च होल्ड केलाय."

शेवटी गंजावरचं तेल ओतून, ब्लोलँपने नट तापवून आणि नागपुरात शिकलेले काही शब्द वापरून ते नट सुटले. सायलेन्सर बाहेर आला आणि त्यातून गंजाचा भुगा, वाळकी पानं आणि ओकच्या झाडाची मूठ-दोन मूठ फळं बाहेर पडली. उंदरांनी हिवाळ्याची बेगमी करून ठेवलेली होती.

"ओ माय गॉड, बाबा, यू वेअर ड्रायव्हिंग समबडीज हाउस," दारात उभी असलेली उत्तरा म्हणाली आणि मैत्रिणीला फोन करून हे सांगायला आत पळाली.

त्या गाडीचा असली सायलेन्सर आता कुठे मिळत नव्हता. गावाबाहेर जुन्या गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं. तिथल्या एड नावाच्या दाढीवाल्याने फडताळावरून एक चकचकीत क्रोमचा सायलेन्सर काढून दिला. कुठल्याही गाडीला बसतो, म्हणाला. बसला खरा. नवा तांब्याचा वायसर घालून, पट्ट्या आवळून जगन्नाथने तो चढवला, आणि दोन पावलं मागे जाऊन पाहिलं तर गाडी अगदी नवरीसारखी दिसत होती. त्याने किक मारली. शेजारच्या घरातलं कुत्रं पलंगाखाली गेलं ते जेवायच्या वेळेपर्यंत बाहेर आलं नाही.

"बाबा, इट्स वर्स," उत्तराने खिडकीतून निकाल दिला. संध्याने नुसती खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी जगन्नाथने एडला फोन केला. एड म्हणाला, असं होतं, घाबरू नकोस. सायलेन्सरच्या आत भोकं पाडलेली एक नळी असते, ती बाहेर काढ, तिच्याभोवती स्टील वूल घट्ट गुंडाळ आणि परत आत सरकव. आवाज त्यात मुरून जाईल.

"स्टील वूल," जगन्नाथ फोन ठेवून म्हणाला. "बारीक तारेचे बोळे. कुठे मिळतील?"

नरेंद्रचा चेहरा उजळला. "अरे, तुझ्याच घरात आहेत की! मागच्या महिन्यात सेल होता, आमच्या कांचनने आख्खं कार्टन आणलं आणि चार घरांत वाटलं. भांडी घासायला वापरतात ते."

दोघं स्वयंपाकघरात गेले. संध्या कामावर गेली होती. सिंकखालचं कपाट जगन्नाथने त्या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदाच उघडलं. आत मोठं खोकं होतं, आणि खोक्यात मऊ तारेचे सुबक निळसर बोळे ओळीने बसले होते. जगन्नाथने एक बोळा हातात घेऊन चिमटीत चोळला.

"याला काहीतरी लावलंय रे. चिकट आहे."

नरेंद्रने वास घेतला. "कोटिंग असणार. अँटी-रस्ट. अमेरिकन माणूस कुठली वस्तू नुसती विकत नाही."

"पंपांनाही आम्ही असंच लावतो," जगन्नाथ समाधानाने म्हणाला.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी आयुष्यात एकदा तरी सिंकपाशी उभं राहून करपलेली कढई घासली असेल, त्यांच्या सगळं लक्षात आलंच असेल. पण इथे तीच अडचण होती. हे दोघं कॉलेजचे पदवीधर, एकाच्या नावावर तर दोन पेटंट. पण दोघांच्या मिळून संसारात त्यांनी घासलेल्या भांड्यांची संख्या शून्य होती. देशात आईने घासू दिली नाहीत, इथे बायकोने घासून टाकली. अमेरिकेत तारेच्या बोळ्यात साबण आधीच भरून येतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी कधी विचारलंही नव्हतं.

बोळे उलगडून, नळीभोवती गुंडाळून, वरून तार बांधून, आणखी चार बोळे लाटण्याच्या दांड्याने आत ठासून जगन्नाथने सायलेन्सर बंद केला. खोकं जवळजवळ रिकामं झालं. गाडी सुरू केली तर काय! मांजर घोरावं तसा आवाज. नरेंद्रने त्याला मिठीच मारली.

शनिवारी दुपारी जगन्नाथने एक शेवटचं काम केलं. संध्या बसणार म्हणून त्याने गाडी पाइप लावून धुतली. चाकं धुतली, टाकी धुतली, आणि क्रोमचा सायलेन्सर बाहेरून आणि तोंडाशी आतूनही चांगला खळखळून धुतला. मग तो कोपऱ्यापर्यंत गाडी ढकलत गेला, तिथे ती सुरू केली, हळूच दाराशी आणून उभी केली आणि बेल वाजवली.

संध्याने दार उघडलं. तिने गाडीकडे पाहिलं, चालू इंजिनाकडे पाहिलं, आणि तिचं तोंड एवढंसं झालं.

"तुला ऐकू आलं?" जगन्नाथने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. पुण्याची असली तरी खोटं बोलणारी नव्हती. मग म्हणाली, "दहा मिनिटं द्या. सहावारीत असं दोन्हीकडे पाय टाकून बसता येणार नाही, आणि गणपतीला मी पँट घालून येणार नाही."

ती बाहेर आली तेव्हा मंडळाच्या नाटकासाठी घेतलेलं हिरवं नऊवारी लुगडं नेसली होती. कासोटा चापून घातलेला, नाकात नथ, आणि सायलेन्सरने पोटरी भाजते असं लायब्ररीतल्या कुठल्याशा पुस्तकात वाचल्यामुळे पायात गुडघ्यापर्यंतचे बर्फातले बूट. हेल्मेट अंबाड्यावर बसेना, म्हणून अंबाडा सोडून तिने वेणी पाठीवर टाकली. जगन्नाथला ती फार सुंदर दिसली. उत्तरा नरेंद्र आणि त्याची बायको कांचन यांच्या गाडीतून मागून येणार होती. तिने आईला बघून दोन्ही हात तोंडावर घेतले.

संध्या मागे बसली. तिने जगन्नाथचा सदरा दोन्ही मुठींत असा धरला, की वरचं बटण तुटून उडालं. गाडी निघाली. अठरा वर्षांपूर्वीचा तो प्रश्न आज मार्गी लागला असं जगन्नाथला वाटलं आणि त्याचे डोळे भरून आले.

भरल्या डोळ्यांनीच त्याने आरशात पाहिलं. मागे रस्त्यावर बुडबुडे तरंगत होते.

आधी त्याला वाटलं कुणाचं तरी पोर खेळत असेल. मग पुढच्या वळणावरही बुडबुडे आले, मोठमोठे, इंद्रधनुष्याच्या रंगांचे, सगळे आपल्याच गाडीमागून येणारे. सायलेन्सर तापला होता, आतलं पाणी गरम झालं होतं, आणि इंजिन जीव तोडून फुंकर मारत होतं. बुडबुड्यांमागे नरेंद्रची गाडी येत होती. स्वच्छ ऊन पडलेलं असताना तिचे वायपर चालू होते. उत्तरा खिडकीतून अर्धी बाहेर येऊन हातवारे करत होती.

जगन्नाथची पाचावर धारण बसली. संध्या पुढे बघत होती, म्हणजे डोळे मिटून पुढे तोंड करून होती. तिने एकदा जरी मागे वळून पाहिलं, तरी ती उतरणार, आणि उतरली की या जन्मात परत बसणार नाही. त्याने वेग वाढवला. बुडबुडेही वाढले. वेग कमी केला, तर बुडबुडे थांबून जाडजूड फेस यायला लागला, आणि त्यातून लिंबाचा वास.

"अहो, लिंबाचा वास कसला येतोय?" संध्या हेल्मेटमधून म्हणाली.

"फॉल सीझन! पानगळीचा वास!" जगन्नाथ ओरडला.

रूट नाइनच्या हमरस्त्यावर सिग्नल लाल लागला आणि तिथे सगळं संपलं. गाडी उभी राहिली, मागून फेस चालत आला, आणि बघता बघता मोटरसायकल चाकांपर्यंत पांढऱ्या ढिगात बुडाली. शेजारच्या ट्रकमधला माणूस खाली वाकून बघत राहिला. सिग्नल हिरवा झाला तरी कुणी हलेना. पलीकडून पोलिसाची गाडी आली, तिच्यातून एक तरुण पोलीस उतरला, आणि फेसाच्या कडेला बूट न भिजवता उभा राहिला.

"सर," तो फार अदबीने म्हणाला, "ही गाडी तुम्ही चालवताय, की धुताय?"

तेव्हा संध्याने डोळे उघडले. तिने खाली पाहिलं. बर्फातले बूट बर्फातच असल्यासारखे दिसत होते. मग ती वळली आणि घरापासून इथपर्यंतच्या रस्त्यावर अजून रेंगाळणारे बुडबुडे तिने पाहिले. त्यातला एक येऊन तिच्या नथीवर फुटला.

"यात काय घातलंत?" तिने शांतपणे विचारलं.

"स्टील वूल." जगन्नाथने समोरच बघत सांगितलं. "सिंकखालचं. अँटी-रस्ट कोटिंगवालं."

संध्या त्याच्या टकलाकडे बघत राहिली. "अँटी-रस्ट," ती म्हणाली. मग तिचे खांदे हलायला लागले. ती रडते आहे असं वाटून जगन्नाथला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ती हसत होती. नऊवारीचा पदर तोंडात कोंबून, हेल्मेट गदगदा हलवत, त्याच्या पाठीवर डोकं आपटत हसत होती. "इतकी वर्षं," तिला धड बोलताही येईना, "इतकी वर्षं माणसाने एक चमचा घासला नाही... आणि घासायला घेतलं ते... हे!"

पोलिसाने फेस निसरडा असतो असं सांगून आतलं सगळं काढायला लावलं. जगन्नाथने रस्त्याच्या कडेला नळी ओढली आणि कढत, चिंब बोळे एकेक करून बाहेर काढले. संध्या ते काडीने उचलून पिशवीत टाकत होती आणि प्रत्येक बोळ्याला नव्याने हसत होती. शाळेचा हॉल समोरच्या चढावर दिसत होता. तेवढं जा आणि आज परत ही गाडी सुरू करू नका, असं बजावून पोलीस निघून गेला.

जगन्नाथने किक मारली. रिकाम्या सायलेन्सरने आभाळ फाडलं. पहिल्यापेक्षाही वाईट.

त्याचा हात आपोआप खाली आला. बाजूला घेतलेल्या मोटारीतून कांचन ओरडत होती, "संध्या, अगं गाडीत ये! बाळ, आईला हात दे!" उत्तराने दार उघडून धरलं होतं. दिलेला शब्द संध्याने पाळला होता, अट तुटली होती, आणि ती आता उतरून गेली असती तर तिला कुणी नाव ठेवलं नसतं. जगन्नाथ मागे न बघता बसून राहिला. बघवतच नव्हतं.

मागची सीट दबली. बूट पायटेकावर आले. सदऱ्याचं आणखी एक बटण गेलं.

"चला!" संध्या त्याच्या कानात ओरडली.

चढावर गाडी अशी गर्जत निघाली, की हॉलच्या खिडक्यांतून माणसं बाहेर डोकवायला लागली. संध्या मागून काहीतरी बोलत होती. लायब्ररीतला तिचा आवाज या सायलेन्सरपुढे टिकणार कसा! जगन्नाथने मान वळवून "काय?" म्हटलं. तिने पुन्हा सांगितलं. त्याला नुसतं 'मला' ऐकू आलं. तो परत "काय?" म्हणाला. आता तिने छातीत हवा भरून घेतली.

हॉलच्या दाराशी आख्खं मंडळ जमलं होतं. आरतीची ताटं घेतलेल्या बायका, झांजा घेतलेली पोरं, अध्यक्ष. त्या सगळ्यांसमोर येऊन जगन्नाथने इंजिन बंद केलं, आणि त्याच क्षणी, त्या अचानक पडलेल्या शांततेत, संध्याबाई टिपणीस बेंबीच्या देठापासून ओरडल्या,

"मला भीती वाटायची हो! आवाजाचं खोटंच सांगितलं होतं!"

कुणाच्या तरी हातातली झांज एकदाच वाजली आणि थांबली. संध्याने मंडळाकडे पाहिलं, मंडळाने तिच्याकडे पाहिलं. जगन्नाथ वळून तिच्याकडे बघत होता. ती खोटं बोलू शकते हे त्याला आजच कळत होतं, आणि इतके दिवस आपण नट पिळत बसलो ते भलतेच, हेही.

"मला सांगायचंस ना," तो हळूच म्हणाला. "आणि आता?"

संध्याने नथ सरळ केली. अध्यक्ष "या, या, आरती खोळंबलीय" म्हणत पुढे आले, तसं तिने त्यांना हातानेच थांबवलं आणि जगन्नाथच्या पाठीवर एक धपाटा घातला.

"बघताय काय? किक मारा. पोलीस गेलाय."